उंदरांचे डोळे आणि रिकामे हात

मला नोकरी मिळाली ती हातात बांगड्या नव्हत्या म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत, अनुभव निंदण-खुरपणाचा आणि कापूस वेचायचा. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला होता, आणि वाशीमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विधवाच हवी होती. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मलाही ते बरं वाटलं. बाकीचे लोक तीच गोष्ट मागे बोलत होते.

या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हणून मला सांगण्यात आलं. माझं काम ऐकून लोक आधी हसतात, म्हणून ते नीट सांगते. उंदराला दिसतं की नाही हे मी बघत असे. त्यासाठी मला पगार मिळत असे.

गोष्ट पन्नास सालानंतरची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. दवाखान्याच्या मागे लांबट कौलारू खोली होती. तिच्यात जाळीच्या पेट्या आणि पेट्यांत पांढरे उंदीर. हे घरातले उंदीर नव्हेत. मुंबईकडून आणलेले, अंगाने पांढरे, डोळे लाल. चावत क्वचितच. त्यांच्या वासाची सवय होते, एवढंच त्याबद्दल सांगते.

आमच्या भागात रातांधळेपणा फार. दिवे लागायच्या वेळेला पोरं आईचा पदर धरून चालायची. पुढे काही पोरांचे डोळे कोरडे पडायचे, मग त्यांवर पांढरं यायचं, मग संपलं. खाण्यात पालेभाजी, दूध, लोणी नसलं की असं होतं, हे डॉक्टरांना पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना दोन गोष्टी इथल्या अन्नावर पाहायच्या होत्या. गरिबाघरचं पोर जे खातं तेच उंदराला दिलं तर नजर कशी कशी जाते, आणि गेलेली नजर कुठवर परत आणता येते. म्हणून काही पेट्यांना ज्वारीच्या कण्या आणि वरणाचं पाणी, आणि काही पेट्यांना त्याच्याबरोबर मेथी, शेवग्याचा पाला, गाजर.

आता उंदराला विचारता येत नाही की बाबा दिसतं का. तो काय करतो ते बघायचं. सगळ्यात सोपी तपासणी अशी: त्याला शेपटीच्या मुळाशी धरून टेबलाकडे हळूहळू खाली न्यायचं. दिसत असेल तर टेबल जवळ येताच तो पुढचे पाय लांब करतो. दिसत नसेल तर मिशा लाकडाला लागेपर्यंत पाय पोटाशीच राहतात. दुसरी तपासणी गोल पुठ्ठ्याच्या डब्याची. डब्याला आतून काळे-पांढरे उभे पट्टे चिकटवलेले. मध्ये उंदीर बसवायचा आणि डबा सावकाश फिरवायचा. डोळस उंदराची मान पट्ट्यांच्या मागे थोडी थोडी वळते. आंधळा मिशा हलवत बसून राहतो.

तिसरी तपासणी दोन दारांची, आणि तीच खरी अवघड. लांबट पेटी, एका टोकाला उंदीर, दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी दोन झुलती दारं. एक पांढरं, एक काळं. पांढऱ्यामागे भाकरीचा तुकडा. दारांच्या जागा अदलून बदलून ठेवायच्या. उंदीर शिकतो की पांढऱ्याकडे जायचं. मग खिडक्यांना गोणपाट लावायचं, कंदिलाची वात बारीक करायची आणि अंधुक उजेडात त्याला सोडायचं. रातांधळा असेल तर तो चुकला पाहिजे.

पण उंदीर चुकत नसत. आंधळा झालेला प्राणी आपण आंधळे आहोत असं जगाला दाखवत नाही. तो नाकाने, कानाने, मिशांनी काम भागवतो, आणि आपल्या पेटीत तर डोळसासारखा हिंडतो. पांढरं दार चुन्याने रंगवलेलं होतं आणि काळं काजळीने. डॉक्टरांनी एकदा स्वतः गुडघ्यावर बसून दोन्ही दारांना नाक लावलं आणि म्हणाले, "हे तर मलाही डोळे मिटून ओळखता येईल." मग दोन्ही दारांवर काच बसवली आणि दर खेपेला ती पुसायची असं ठरलं. तरी कण्या खाणारे उंदीर अंधुक उजेडात बरोबर दाराशी जातच राहिले.

हे माझ्या आधीचं आहे. तेव्हा या कामावर सखूबाई होती. भरल्या अंगाची, बोलकी, दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले. ती एक दिवस रजेवर गेली आणि डॉक्टरांनी स्वतः तपासणी केली, तर कण्यांवरचे सगळे उंदीर चुकले. डॉक्टरांना वाटलं, एका रात्रीत सगळे आंधळे झाले. दुसऱ्या दिवशी सखूबाई आली आणि सगळ्यांना पुन्हा दिसायला लागलं.

सखूबाई दारांमागे बसून भाकरीचा तुकडा ठेवायची. बांगड्या डावीकडे वाजल्या की उंदीर डावीकडे, उजवीकडे वाजल्या की उजवीकडे. त्यांना दाराशी काही देणंघेणं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या हातांना फडकं गुंडाळून पाहिलं. दिवसभराच्या कामात ते दर वेळी सुटायचं. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, कामापुरत्या बांगड्या काढून ठेवता का?"

सखूबाई म्हणाली, "साहेब, ह्या माह्या नवऱ्याच्या जिवासाठी हाय. तुमच्या उंदरासाठी नाई."

साहेबांनी तिला वॉर्डात पाठवलं आणि माझी नेमणूक झाली. सखूबाईने मला पहिल्या दिवशी सगळं दाखवलं, आणि जाताना म्हणाली, "तुह्यं नशीब पाय व माय. लोकाईले नवरा हाय म्हून मान भेटते, तुले मेला म्हून पगार भेटला." मी हसले. खरं होतं ते. आमची मैत्री तिथूनच झाली, आणि ती मरेपर्यंत टिकली.

माझ्या हाताखाली उंदीर प्रामाणिक झाले. ज्याला दिसत नव्हतं तो चुकायला लागला. त्यातून जे समजलं ते असं. नजर आधी अंधुक उजेडातली जाते. त्या वेळी पाला किंवा माशाच्या काळजाचं तेल दिलं की उंदीर पुन्हा दार ओळखतो. मग डोळा कोरडा पडतो, धूळ बसलेल्या काचेसारखा दिसतो. तेव्हाही तेल दिलं तर बहुतेक वाचतो. त्यानंतर बुबुळ मऊ होतं. एकदा ते मऊ झालं की काहीही द्या, उपयोग नसतो. कोरडा डोळा आणि मऊ डोळा यांच्यामध्ये वेळ फार थोडा असतो. मला ते हाताने आणि डोळ्याने कळायला लागलं होतं, कारण दुसरं काही मी दिवसभर बघतच नव्हते.

उंदरांचं वाईट वाटायचं का, असं लोक विचारतात. काहींचं वाटायचं. एक उंदीर पट्ट्यांच्या डब्यात बसवला की माझ्या बोटाला धरून राहायचा. तोही आंधळा झाला आणि तोही शेवटी दवा हुंगवून मारला. मी मारला नाही, पण धरून मीच दिला. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

बघायला येणारे लोकही तऱ्हेतऱ्हेचे. कारंज्याचे एक शेठजी, फार दयाळू माणूस, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आले होते. पट्टी सुटल्यावर हिंडत आमच्या खोलीकडे आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी माणसाबरोबर भिजवलेले हरभरे, गाजरं आणि तुपाचा डबा पाठवला, उंदरांसाठी. स्वतः मागोमाग आले.

मी म्हटलं, "शेठजी, हे या पेट्यांले चालत नाई. हे खाल्लं तर त्याईले दिसन."

शेठजी म्हणाले, "मग बाई, वाईट काय झालं त्यात?"

गाजरं आम्ही दुसऱ्या पेट्यांना घातली आणि तूप वॉर्डात गेलं. शेठजींचा प्रश्न मात्र खोलीत राहिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

माझी धाकटी बहीण यमुना आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या पुढे एका खेड्यात दिलेली होती. तिची मोठी पोरगी कुसुम, बोलायला चुरचुरीत, नुकती शाळेत जायला लागलेली. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी निरोप आला की कुसुमला गोवर येऊन गेला, अजून उठत नाही. मी एक दिवसाची रजा घेतली आणि मोटारीने मालेगावला उतरून पुढे पायी गेले.

गोवर निघाला की आमच्याकडे घरात बाई, म्हणजे देवी, आली म्हणतात. मग पोराला अंधाऱ्या खोलीत निजवायचं, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा. घरात फोडणी बंद, भाजी बंद. पोराच्या पोटात फक्त पातळ पेज. नेमलेल्या दिवशी न्हाऊ घालून बाईची बोळवण करायची, तोवर पोराने उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या आईनेही आमचं असंच केलं होतं आणि आम्ही जगलो. पण कुसुम त्याआधीच सबंध हिवाळा कोरड्या भाकरीवर होती. त्या वर्षी म्हैस आटली होती.

मी पोचले तेव्हा दुपार होती. यमुना विहिरीवर गेली होती. तिची सासू ओसरीवर कडुलिंबाचा पाला निवडत बसली होती. तिने मानेनेच आत जा म्हटलं. मी अंधाऱ्या खोलीत गेले. कुसुम भिंतीला टेकून बसली होती, तोंड माझ्याकडेच. मी समोर उभी राहिले. पोरगी एरवी मला बघून धावत येणारी. ती माझ्याकडे तोंड करून आपल्या फ्रॉकची दोरी चावत बसली होती. मी तिथे नव्हतेच.

मी थांबले. मला ते बसणं ओळखीचं वाटलं.

तेवढ्यात यमुना आली. दारातच तिच्या बांगड्या वाजल्या आणि कुसुम झटकन म्हणाली, "माय, पानी."

"हे पाय, मावशी आली तुह्यी," यमुना म्हणाली.

"कुठी?" कुसुम म्हणाली, आणि हसून भिंतीकडे बघायला लागली.

मी यमुनेला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हिला दिसत नाही.

"काय बोलून राह्यली तू, अक्का? अंधारात बसून बसून डोये दिपते तिचे. घरात सगळं बरोबर घेते हातानं."

"उजेडात आण."

"आणता येत नाई, तुले मालूम नाई का? अजून न्हानं व्हायचं हाय."

मी दाराला लावलेलं गोणपाट वर केलं. दुपारचा उजेड खोलीभर आला. कुसुमने डोळे मिटले, मग हळूच उघडले. मी जवळ बसून बघितलं. दोन्ही डोळ्यांवरची चमक गेलेली. डाव्यात बुबुळाच्या कडेला राखेसारखा ठिपका. असे डोळे मी रोज बघत होते.

यमुना चिडली होती. तिने पेजेची वाटी आणली आणि कुसुमपुढे धरली. "हे पाय. दिसत नसतं तर हात कसा आला असता?" कुसुमने बरोबर वाटीला हात घातला होता.

मी म्हटलं, "आता बांगड्या पदरात गुंडाळ. घट्ट. बोलू नको अन् पुन्हा वाटी दे."

"काहून?"

"कर म्हणते तर कर."

"माह्यी पोरगी तुह्या दवाखान्यातला उंदीर हाय का?"

मी वाटी तिच्याकडे सरकवली. यमुनेने रागारागाने दोन्ही मनगटांभोवती पदर आवळला. मला खोटं पाडायचं म्हणून तिने ते केलं, हे मला दिसत होतं. तिने वाटी उचलली आणि कुसुमच्या तोंडासमोर धरली. हातभर अंतरावर, उजेडात.

कुसुमचा हात आला नाही.

यमुनेने वाटी थोडी डावीकडे नेली, मग उजवीकडे. कुसुम समोर बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माय, तू गेली का?"

यमुनेने वाटी खाली ठेवली. ती रडली नाही. तिने पदर सोडला, बांगड्या वाजल्या, आणि पोरीचं तोंड लगेच तिच्याकडे वळलं. ते तिने बघितलं. नंतर पुष्कळ वर्षांनी ती मला म्हणाली, की हात आला नाही तेव्हा नाही, ते तोंड वळलं तेव्हा तिची खात्री पटली. इतके दिवस पोरगी आपल्याकडे बघते असं ती समजत होती.

ओसरीवरून सासूचा आवाज आला, "गोणपाट कोनं वर केलं?"

यमुना बाहेर गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी हिले वाशीमले घेऊन जातो."

"न्हानं झाल्याबिगर? बाई कोपन. दुसरं लेकरू हाय घरात, त्याचा इचार कर."

"त्याचाच इचार करतो. त्याले काय खाऊ घालाचं तेही इचारून येतो."

म्हातारी वाईट नव्हती. तिची स्वतःची दोन पोरं बाईने नेली होती आणि तिला खरोखर भीती वाटत होती. ती उंबऱ्यात आडवी बसली. "माह्यावरून जा मग."

यमुनेने कुसुमला कडेवर घेतलं, वाकून सासूच्या पायांना हात लावला, आणि तिच्या खांद्याशेजारून पाय टाकून उंबरा ओलांडला. म्हातारीने पाय ओढून घेतले. तिने वाट दिली की अंग चोरलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. यमुनेच्या नवऱ्याला शेतातून बोलावलं. त्याने मालेगावच्या मोटारीपर्यंत गाडी जुंपली.

वाशीमला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. डॉक्टर घरी निघाले होते, ते परत फिरले. त्यांनी कुसुमचे डोळे बघितले, तेल पाजलं, सुई टोचली, डोळ्यांत दवा घालून पट्ट्या बांधल्या. तेलाच्या वासाने तिने पहिल्यांदा ओकून टाकलं. पुन्हा पाजलं. ती म्हणाली, "हे कायचं हाय व मावशी? कुत्र्याचं का?" सखूबाई तिच्या खाटेजवळ बसली होती. ती म्हणाली, "नाई व राणी, म्हशीचं दूध हाय, फक्त म्हैस पान्यात राहाते." पोरगी हसली. पट्टीखालून हसलेली पोरगी बघवत नाही.

नंतरचे दिवस मी खोलीत उंदीर बघायची आणि मधूनमधून वॉर्डात डोकवायची. मला दोन्हींकडे एकच प्रश्न होता. डॉक्टर रोज पट्टी काढायचे, बघायचे, बांधायचे. उजव्या डोळ्यावर हळूहळू ओल आली, चमक आली. डाव्याचा ठिपका वाढला. तो डोळा मऊ झाला होता.

यमुनेने डॉक्टरांना विचारलं, "साहेब, आधी आणली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत नाही, बाई. एक वाचला, ते बघा."

तिने मग माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं. मी पेट्यांमध्ये आधी आणि नंतर काय होतं ते पुष्कळदा बघितलं होतं. मी पदराने तिचं तोंड पुसलं आणि तिला जेवायला घेऊन गेले.

घरी जायच्या आधी डॉक्टरांनी संध्याकाळी कंदील बारीक करून कुसुमची नजर तपासली. मला म्हणाले, "तुम्हीच करा." मी खाटेच्या समोर पांढरं फडकं घेऊन इकडून तिकडे सरकले, आवाज न करता. तिचं तोंड माझ्याबरोबर फिरलं. मी भिंतीशी जाऊन थांबले. ती म्हणाली, "कायले लपून राह्यली व मावशी?"

यमुनेने घरी गेल्यावर परसात शेवगा लावला. गोवर आला तरी धाकट्याला तिने पाला खाऊ घातला, सासूच्या डोळ्यादेखत. म्हातारी पुढे स्वतः शेंगा तोडून द्यायला लागली.

उंदरांची खोली पुढे बंद झाली. डॉक्टरांची बदली झाली, नव्या साहेबांना उंदरांत रस नव्हता. पेट्या गोदामात गेल्या आणि मी वॉर्डात. तिथे मी निवृत्त होईपर्यंत पट्ट्या बांधल्या. ते काम मोठं समजतात. मला पहिलं काम जास्त चांगलं येत होतं.

कुसुमचं लग्न उशिरा जमलं. डावा डोळा पांढरा होता, तो कुठे लपवणार. यमुनेने प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगितलं, एक डोळा गेलेला आहे, दुसरा पक्का आहे. बरेच जण चहा पिऊन गेले. शेवटी एक मुलगा आला, मालेगावात सायकली दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "मले एका डोयानं पाह्यलं तरी चालन, फक्त रागानं नको पाहू."

हळदीच्या आदल्या दिवशी कासार बसला होता. नवरीला चुडा भरतात तेव्हा आमच्यासारख्यांनी जवळ जायचं नसतं. मला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मी अंगणाच्या पार टोकाला, कडब्याच्या गंजीजवळ जाऊन बसले. दिवस बुडाला होता आणि अजून कोणी दिवा लावला नव्हता. मधे बायका, पोरं, कासाराची पेटी, बोलणं, बांगड्यांचा आवाज. माणसांची तोंडं ओळखू येत नव्हती.

कुसुमचा एक हात भरून झाला. तिने तो वर करून बघितला, आणि त्या हाताच्या पलीकडून तिची नजर सरळ माझ्यावर आली.

"मावशी, तिकडे काहून बसली? इकडे ये, चुडा पाय माहा."

बायका वळून शोधायला लागल्या, कोण, कुठे. त्यांना मी दिसले नाही. मी काही हलले नव्हते, आणि माझ्या हातांत वाजण्यासारखं काही नव्हतं.